आधी एल्विसनं गिटार विकली, मग एल्विसच विकला गेला

ऑगस्ट २०२०. सगळं जग कोरोनामुळं घरात बसलेलं. त्याच दिवसांत अमेरिकेत एका जुन्या लाकडी गिटारीचा लिलाव झाला.

गिटार होती १९४२ सालची. कंपनी मार्टिन, मॉडेल डी-१८. दिसायला साधी. नक्षी नाही, शिंपल्यांची जडणघडण नाही. रंग तपकिरी, वापरून वापरून झिजलेला.

या गिटारीची बोली थांबली १३ लाख २० हजार डॉलर्सवर. त्यावेळच्या दरानं जवळपास १० कोटी रुपये.

कारण ही गिटार १९५४-५५ च्या दिवसांत एका विशीच्या पोराच्या गळ्यात होती. त्या पोराचं नाव एल्विस प्रेसली. दुकानात मिळणारी धातूची अक्षरं आणून त्यानं स्वतःच आपलं नाव गिटारीवर तिरकं चिकटवलं होतं.

गंमत म्हणजे, आज जिच्यासाठी लोक कोट्यवधी मोजतात ती गिटार एल्विसनं जेमतेम काही महिने वापरली आणि दुकानात देऊन टाकली. मोबाईल बदलताना आपण जुना एक्सचेंजमध्ये देतो ना, तशी.

आणि त्याच वर्षी खुद्द एल्विसचाही असाच सौदा झाला.

हा सगळा किस्सा समजून घ्यायचा, तर सुरवात करावी लागते मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावातून.

सायकल नाही, गिटार मिळाली

८ जानेवारी १९३५ ला टुपेलोतल्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात एल्विसचा जन्म झाला. जुळी मुलं होती. आधी आलेला भाऊ मृत जन्मला. एल्विस वाचला. आई ग्लॅडिसनं मग या पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

घरात पैसा नव्हता. राहतं घर वडील व्हर्नन यांनी १८० डॉलर उसने घेऊन बांधलेलं. एल्विस तीन वर्षांचा असताना वडील चेकवर खाडाखोड केल्याच्या प्रकरणात तुरुंगात गेले आणि ते घरही हातचं गेलं.

दहाव्या वर्षी एल्विस जत्रेतल्या गाण्याच्या स्पर्धेत उभा राहिला. सोबत वाद्य नव्हतं, माइकपर्यंत पोहोचायला खुर्चीवर चढावं लागलं. नंबर आला पाचवा.

पुढं ११ वा वाढदिवस आला. पोराला हवी होती सायकल. काही जण सांगतात, हवी होती रायफल. आई त्याला घेऊन टुपेलो हार्डवेअर नावाच्या दुकानात गेली आणि बाहेर पडताना पोराच्या हातात होती गिटार. किंमत आठ डॉलरच्या आत. खिळे, हातोड्या विकणारं ते दुकान आजही सुरू आहे आणि एल्विस जिथं उभा होता ती जागा बघायला जगभरातून लोक येतात.

काकांनी आणि चर्चमधल्या पाद्रीबाबांनी दोन-चार कॉर्ड्स शिकवल्या. एल्विसचं गिटारचं शिक्षण साधारण एवढंच. तो कधीच मोठा गिटारवादक झाला नाही. पण उजव्या हातानं ठेका कसा धरायचा हे त्याला पक्कं कळलं. पुढं सगळं यावरच उभं राहिलं.

मेम्फिसमधला ट्रक ड्रायव्हर

१९४८ मध्ये प्रेसली कुटुंब बिऱ्हाड उचलून मेम्फिसला आलं. सरकारी चाळीसारख्या वसाहतीत भाड्यानं घर मिळालं.

तेव्हाच्या मेम्फिसमध्ये गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. बसमध्ये जागा वेगळ्या. पण रेडिओच्या लहरींना भिंत घालता येत नव्हती. डब्ल्यूडीआयए नावाच्या स्टेशनवर कृष्णवर्णीय निवेदक कृष्णवर्णीयांची गाणी वाजवायचे आणि गोऱ्यांच्या घरातली पोरंही ती ऐकायची. एल्विस त्यांतलाच एक. शिवाय चर्चमधलं गॉस्पेल होतं, गोऱ्या शेतकऱ्यांचं कंट्री संगीत होतं आणि बील स्ट्रीटवरचं ब्लूज होतं. हे सगळं त्याच्या कानात एकत्र साठत होतं.

१९५३ मध्ये शाळा संपली. कारखान्यात काम केलं, मग क्राउन इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवायला लागला. वडिलांचं मत ठरलेलं होतं. गिटार वाजवून कुणी पोट भरल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं पोरानं इलेक्ट्रिशियनचं काम शिकावं आणि हा नाद सोडावा.

नाद सुटला नाही. १९५३ च्या उन्हाळ्यात तो ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर गेला. तिथं सॅम फिलिप्सचा छोटा स्टुडिओ होता. साधारण चार डॉलर भरले की कुणालाही आपली रेकॉर्ड करून मिळायची. एल्विसनं दोन गाणी गायली आणि एकुलती एक प्रत घेऊन घरी गेला.

स्टुडिओत काम करणाऱ्या मॅरियन कायस्कर यांनी या पोराची नोंद करून ठेवली. वर्षभरानं सॅम फिलिप्सनं त्याला बोलावलं.

तिघे जण आणि ड्रमवाला नाही

५ जुलै १९५४ ची संध्याकाळ. स्टुडिओत तिघंच होते. स्कॉटी मूर इलेक्ट्रिक गिटारवर, बिल ब्लॅक भल्या मोठ्या उभ्या बेसवर आणि एल्विस आपली साधी गिटार घेऊन.

तास गेले. संथ प्रेमगीतं म्हणून झाली. काही जमेना. दमून सगळे थांबले आणि त्या सुट्टीत एल्विस उगाच मस्ती म्हणून आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं 'दॅट्स ऑल राइट' हे जुनं गाणं दुप्पट जोशात म्हणायला लागला. बिलनं बेस उचलला. स्कॉटी मागोमाग आला. आतल्या खोलीतून सॅमनं डोकं बाहेर काढलं, हे काय चाललंय म्हणून विचारलं आणि परत पहिल्यापासून करायला लावलं.

रॉक अँड रोलच्या इतिहासातली एक मोठी रेकॉर्ड अशी तयार झाली. तिच्यात ड्रम नाहीत.

ती कधी ऐकली तर सुरवातीकडं लक्ष द्या. सगळ्यात आधी ऐकू येते एल्विसची गिटार. नुसता ठेका. मग आवाज. बेसच्या तारा लाकडावर आपटून बिल ब्लॅक एक बाजू सांभाळतोय आणि एल्विसचा उजवा हात दुसरी. ड्रमवाल्याचं काम या दोघांनी वाटून घेतलं होतं.

तीन दिवसांत मेम्फिसच्या रेडिओवर ड्यूई फिलिप्स या निवेदकानं ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं. फोनवर फोन यायला लागले. अनेकांना गाणारा कृष्णवर्णीय वाटला. मग ड्यूईनं त्याला स्टुडिओत बोलावून शाळेचं नाव विचारलं. एल्विसनं ह्यूम्स हायस्कूल सांगितलं. एवढ्यावरून ऐकणाऱ्यांना त्याचा रंग कळला, कारण शाळाच रंगावरून वेगळ्या होत्या.

महोगनीचा खोका

आता एल्विसला रोज कार्यक्रम मिळायला लागले. कुठं शाळेच्या हॉलमध्ये, कुठं मैदानात, कुठं ट्रकच्या हौद्यावर. मोठे स्पीकर नव्हते. पोरी पहिल्या ओळीपासून किंचाळायच्या. अशा गोंगाटात ठेका ऐकू जायला दणदणीत आवाजाची गिटार पाहिजे.

आधी त्यानं मार्टिन कंपनीची लहान अंगाची गिटार घेतली. मग डी-१८.

यातला डी म्हणजे ड्रेडनॉट. हे नाव आलं ब्रिटिश नौदलाच्या १९०६ सालच्या एचएमएस ड्रेडनॉट या युद्धनौकेवरून. अर्थ कशालाच न घाबरणारी. त्याआधीच्या गिटारी नाजूक, कमरेत बारीक असायच्या. मार्टिननं १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिट्सन कंपनीसाठी रुंद खांद्याची, जाड कमरेची, खोल पोटाची मोठी गिटार बनवली. ती आरमारी बोटीसारखी आडदांड दिसायची म्हणून हे नाव. १९३१ पासून मार्टिननं ती स्वतःच्या नावानं विकायला सुरवात केली. त्यातून दोन मॉडेल्स पुढं आली, डी-१८ आणि डी-२८.

दोघींची पुढची फळी सारखीच, स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची. फरक पाठीत आणि कडांमध्ये. डी-२८ ला रोझवूड. आपल्याकडचं शिसव त्याच जातकुळीतलं. १९६९ च्या सुमारास ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिननं डी-२८ साठी भारतीय शिसवच वापरायला घेतलं. डी-१८ ला मात्र महोगनी. ही स्वस्तातली बहीण.

पण ज्यांच्याकडं महोगनीची ड्रेडनॉट आहे त्यांना विचारलं तर ते स्वस्त-महाग बाजूला ठेवतात. त्यांचा अनुभव साधारण सारखाच असतो.

रोझवूडची गिटार छेडली की सूर घुमतो, मागं लांब शेपूट सोडतो, खर्ज आणि वरचे सूर दोन्ही चकाकतात. महोगनीचा सूर थेट असतो. थोडा कोरडा. वाजला, पोहोचला, थांबला. एका कॉर्डमधल्या सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, एकमेकींत मिसळून लगदा होत नाही. आणि सूर लवकर थांबत असल्यामुळं जोरात ठेका धरला की प्रत्येक फटका सुटा पडतो.

दुसरा अनुभव गाणाऱ्यांचा. घुमणारी गिटार गळ्याच्या आवाजाशी भांडते. महोगनीची गिटार गायकाला जागा करून देते. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही ती सोपी जाते, कारण माइकमध्ये खर्जाचा ढीग साचत नाही.

तक्रारीही असतात. खोका मोठा, त्यामुळं लहान चणीच्या माणसाचा खांदा अवघडतो. एकट्यानं बसून हळुवार काही वाजवायचं तर काहींना हा कोरडेपणा रुक्ष वाटतो. पण वर्षानुवर्षं वाजवल्यावर लाकूड मोकळं होतं आणि आवाज उमलतो, असं जुने मालक हमखास सांगतात. म्हणून तर त्या लवकर विकायच्या नसतात.

एल्विसची डी-१८ त्याच्या हातात आली तेव्हा १२ वर्षं मुरलेली होती. ड्रमवाला नसलेल्या त्रिकुटाला यापेक्षा चांगलं काय मिळणार होतं? फटका सुटा पाडणारी, गळ्याच्या वाटेत न येणारी आणि दणकट.

एल्विस ती वाजवायचा म्हणजे अक्षरशः बडवायचा. तारा तुटायच्या. चिकटवलेल्या नावातलं शेवटचं एस हे अक्षर कधीतरी निघून पडलं आणि गिटारीवर उरलं नुसतं एल्वी. त्यानं ते परत लावलं नाही.

दोन सौदे

ऑक्टोबर १९५४ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या पंढरीत त्याला एकदा संधी मिळाली. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. पुन्हा बोलावणं आलं नाही. दोनच आठवड्यांत श्रेव्हपोर्टच्या लुइझियाना हेराइड या रेडिओ कार्यक्रमानं त्याला उचललं. दर शनिवारी अनेक राज्यांत त्याचा आवाज जायला लागला.

इथं दोन गोष्टी घडल्या. एक, हेराइडचा ड्रमवादक डी. जे. फोंटाना १९५५ मध्ये एल्विसच्या मागं वाजवायला लागला. त्रिकुटाचं चौकडं झालं. ठेक्याचं ओझं गिटारीवरून उतरलं.

दुसरं, त्याच वर्षी मेम्फिसच्या ओ. के. हौक या दुकानात एल्विसनं डी-१८ देऊन डी-२८ घेतली. मोठी बहीण. रोझवूडची, महाग, रुबाबदार. तिला चामड्याचं कव्हर शिवून घेतलं, त्यावर नाव कोरलेलं. दिसायला झकास. पण गिटार वाजते ती लाकूड थरथरतं म्हणून, आणि अंगावर चामडं चढवलं की ती थरथर दबते. आता कुणाची हरकत नव्हती. आवाजाला ड्रम होते. गिटारीनं छान दिसायचं होतं.

मग नोव्हेंबर १९५५ मध्ये दुसरा सौदा झाला.

सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्सकडं पैसे नव्हते. रेकॉर्ड जितकी जास्त खपेल तितक्या जास्त प्रती आधी छापायला लागतात आणि त्यासाठी भांडवल लागतं. त्यानं एल्विसचा करार आरसीए या बड्या कंपनीला विकला. किंमत ३५ हजार डॉलर. तोपर्यंत एखाद्या नवख्या गायकासाठी एवढी रक्कम मोजणं म्हणजे वेडेपणा समजला जायचा.

हा सौदा जुळवणारा माणूस होता कर्नल टॉम पार्कर.

नावात कर्नल असलं तरी तो लष्करातला कर्नल नव्हता. ती मानाची पदवी एका राजकारण्यानं दिलेली. टॉम पार्कर हे नावही खरं नव्हतं. मूळ नाव अँड्रियास व्हॅन कुइक, जन्म नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा. जत्रेतल्या खेळांच्या धंद्यातून वर आलेला. वस्तू कशी विकायची हे त्याला कळायचं. आता त्याच्याकडं विकायला एल्विस होता.

गिटार बाजूला ठेव

जानेवारी १९५६ मध्ये, २१ वा वाढदिवस होऊन दोन दिवस झालेले असताना, एल्विसनं आरसीएसाठी पहिलं रेकॉर्डिंग केलं. 'हार्टब्रेक हॉटेल' आलं आणि अमेरिका वेडी झाली.

५ जून १९५६. मिल्टन बर्लचा टीव्ही शो. बर्लनं एल्विसला सुचवलं, आज गिटार आतच ठेव, लोकांना तू दिसू दे.

एल्विस रिकाम्या हातानं स्टेजवर आला.

तोपर्यंत गिटार त्याच्या अंगापुढं असायची. तिच्यामुळं कमरेची हालचाल अर्धी झाकली जायची. आता काहीच आड नव्हतं. 'हाउंड डॉग' म्हणताना शेवटी त्यानं गाण्याचा वेग अचानक अर्ध्यावर आणला आणि कंबर हलवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं, पाद्री, पालक सगळे तुटून पडले. पोरं बिघडणार, संस्कृती बुडणार वगैरे.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका टीव्ही शोमध्ये शिक्षा म्हणून की विनोद म्हणून, त्याला कोट घालून एका कुत्र्यापुढं उभं राहून तेच गाणं म्हणायला लावलं. त्याला अपमान वाटला. पण तो म्हणाला.

सप्टेंबरमध्ये एड सुलिव्हनच्या शोवर त्याला बघायला सुमारे ६ कोटी अमेरिकन टीव्हीपुढं बसले. एकूण चालू टीव्हींपैकी ८० टक्क्यांहून जास्त. जानेवारी १९५७ मध्ये त्याच शोनं त्याला फक्त कमरेच्या वर दाखवलं.

वर्षाअखेर एल्विस जगातला सगळ्यात मोठा स्टार होता. मार्च १९५७ मध्ये त्यानं मेम्फिसमध्ये ग्रेसलँड हा बंगला घेतला, १ लाख २ हजार ५०० डॉलरला. आईबापांना घेऊन राहायला गेला. बांधायला १८० डॉलर उसने घेतलेल्या घरापासून इथपर्यंत त्याला २२ वर्षं लागली होती.

पण याच काळात काही माणसं मागं पडली.

स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक यांना सुरवातीला कमाईचा वाटा मिळायचा. आता पगार मिळायला लागला. दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर, नसताना १००. ज्याच्यासोबत स्टुडिओत रात्र काढली तो लाखो कमावतोय आणि आपण हिशोब जुळवतोय, हे त्यांना सहन झालं नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये दोघांनी राजीनामा दिला.

आणि आर्थर क्रडप? ज्यानं 'दॅट्स ऑल राइट' मुळात लिहिलं आणि गायलं तो? गाण्याच्या हक्काचे पैसे त्याला कधी धड मिळालेच नाहीत. शेतमजुरीवर आणि हाताला मिळेल त्या कामावर त्यानं पोट भरलं. म्हातारपणी हक्कासाठी भांडला आणि १९७४ मध्ये गेला. एल्विसनं त्याचं ऋण मान्य केलं होतं, पण करार करणारे वेगळे होते आणि पैसे त्यांच्या खिशात जात होते.

सैन्य, सिनेमे आणि १९६८

मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात भरती झाला. सक्तीची सेवा होती. ऑगस्टमध्ये आई गेली. ४६ वर्षांची होती. एल्विस २३ चा. त्याच्या जवळच्या लोकांच्या मते तो यातून कधीच पूर्ण बाहेर आला नाही.

जर्मनीतून परतल्यावर पार्करनं त्याला सिनेमाच्या रहाटगाडग्याला जुंपलं. वर्षाला दोन-तीन सिनेमे. गोष्ट तीच, गाणी तसलीच, पोरी आणि समुद्रकिनारे. एकूण ३१ चित्रपटांत त्यानं काम केलं. गिटार सिनेमातही असायची, पण आता ती नुसती हातातली वस्तू होती.

या गाण्यांचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचला. 'फन इन अकापुल्को' या १९६३ च्या सिनेमात एल्विसनं 'मार्गरिटा' म्हटलं. त्याच चालीवर शंकर-जयकिशन यांनी 'झुक गया आसमान'मधलं राजेंद्रकुमारवर चित्रित झालेलं 'कौन है जो सपनों में आया' बांधलं. आपण गुणगुणतो ते बऱ्याचदा एल्विसचंच असतं.

अमेरिकेत मात्र तोवर बीटल्स येऊन गेले होते, बॉब डिलन आला होता. एल्विस जुना झाला होता.

१९६८ मध्ये एनबीसी वाहिनीनं त्याच्यावर एक खास कार्यक्रम करायचं ठरवलं. पार्करला हवा होता नाताळच्या गाण्यांचा गोडगोड कार्यक्रम. तरुण दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरला वेगळं दिसलं. तालीम संपल्यावर एल्विस ड्रेसिंग रूममध्ये जुन्या मित्रांसोबत गिटार घेऊन बसायचा, गायचा, हसायचा. बाइंडरनं ठरवलं, हेच लोकांना दाखवायचं.

जून १९६८ मध्ये एका छोट्या चौकोनी स्टेजवर काळ्या चामड्याच्या कपड्यांत एल्विस बसला. चहूबाजूंनी लोक. शेजारी स्कॉटी मूर आणि डी. जे. फोंटाना. बिल ब्लॅक नव्हता, तो १९६५ मध्येच गेला होता.

फोंटानापुढं ड्रम नव्हते. तो गिटारीच्या पेटीवर काठ्या मारून ठेका देत होता. सन स्टुडिओतल्या दिवसांसारखं.

थोड्या वेळानं एल्विसनं स्कॉटीची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या गळ्यात घेतली आणि पुन्हा तोच उजवा हात सुरू झाला. तेच दोन-चार कॉर्ड्स. पण घाम गाळणारा, चुकणारा, हसणारा तो माणूस बघून अमेरिकेला कळलं, की हा अजून संपलेला नाही.

३ डिसेंबर १९६८ ला कार्यक्रम दाखवला गेला आणि एल्विस परत आला.

हिशोब

परत आलेल्या एल्विसला पार्करनं लास वेगासला नेलं. जुलै १९६९ पासून हॉटेलमध्ये कार्यक्रम, चार आठवड्यांत ५७. सुरवातीला ते जबरदस्त होते. मग तीच गाणी, तेच हॉल, वर्षामागून वर्षं.

जगभरातून बोलावणी यायची. युरोप, जपान, सगळीकडून. एल्विसलाही जायचं होतं. पण १९५७ मधले कॅनडातले मोजके कार्यक्रम सोडले तर त्यानं अमेरिकेबाहेर पाऊल टाकून कधीच गाणं केलं नाही. पार्कर दरवेळी काहीतरी कारण काढायचा. बऱ्याच जणांच्या मते खरं कारण होतं त्याचे कागद. अमेरिकेचं नागरिकत्व नसलेला माणूस पासपोर्टसाठी अर्ज करणार कसा?

१९६७ पासून पार्करचा वाटा २५ वरून ५० टक्क्यांवर गेला होता. १९७३ मध्ये त्यानं आणखी एक सौदा केला. तोपर्यंतच्या सगळ्या गाण्यांवरचा रॉयल्टीचा हक्क आरसीएला देऊन टाकायचा, बदल्यात ५४ लाख डॉलर रोख. त्यातले निम्मे पार्करचे. पुढं त्या गाण्यांनी आरसीएला किती मिळवून दिलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणजे ज्या गाण्यांनी एल्विस घडला, ती पुन्हा एकदा विकली गेली होती.

शेवटची वर्षं वाईट गेली. घटस्फोट, वाढलेलं वजन, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा डोंगर. स्टेजवर गिटार असायची, एक-दोन गाण्यांपुरती. मग ती कुणाच्या तरी हातात जायची.

२६ जून १९७७ ला इंडियानापोलिसमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. १६ ऑगस्टला ग्रेसलँडमध्ये तो गेला. वय ४२.

त्याच्या मृत्यूनंतर मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न कोर्टात गेला. कोर्टानं नेमलेल्या वकिलानं हिशोब तपासले आणि पार्करनं आपल्या अशिलाचं हित पाहिलं नाही, असा निष्कर्ष काढला. पण हे कळलं तेव्हा एल्विस नव्हता.

आणि ती गिटार? ती या हातातून त्या हातात फिरत राहिली आणि २०२० मध्ये १३ लाख २० हजार डॉलरला गेली. त्याच वर्षी जूनमध्ये निर्वाणाच्या कर्ट कोबेनची एक गिटार ६० लाख १० हजार डॉलरला विकली गेली होती. ती होती १९५९ ची मार्टिन डी-१८ई. त्याच महोगनी घराण्यातली, फक्त तिला इलेक्ट्रिक पिकअप्स बसवलेले.

१९५५ मध्ये एल्विसच्या अख्ख्या कराराची किंमत ३५ हजार डॉलर होती. त्यानं दुकानात देऊन टाकलेल्या गिटारीला ६५ वर्षांनी त्याच्या ३७ पटीहून जास्त मिळाले. महागाईचा हिशोब धरला तरी गिटारच महाग पडते.

पण ज्यांनी ती विकत घेतली त्यांनाही त्या लाकडातून १९५५ चा एल्विस वाजवता येणार नाही. तो राहिलाय सनच्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये, अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या त्या गाण्यांत. स्कॉटी, बिल आणि एका पोराचा उजवा हात. चामड्याचं कव्हर नाही, कॅमेरा नाही.

त्या ऐकायला आजही पैसे पडत नाहीत. हेडफोन लावा आणि गाण्यामागं चाललेला तो कोरडा, सुटा ठेका ऐका. एल्विस स्वतःचा स्वतः मालक होता, तो काळ तेवढाच होता.